‘एकच प्याला’ : ठरावाच्या कसोटीवर

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली प्रथम रंगभूमीवर आणले, ते बडोद्यास. आम्हां परप्रांतस्थ मराठी वाचकांस ही गोष्ट सुखावणारी आहे खरी. परंतु वर्गात या नाटकाचे जे होते ते मुळीच सुखावह नाही. मद्यपान वाईट, सिंधू आदर्श, तळीराम खल, असे तीन निष्कर्ष फळ्यावर उतरतात आणि पुस्तक मिटते.

यावर आम्हांस शिस्तीच्या वादाचा मार्ग सुचवावासा वाटतो. वर्गाचे दोन पक्ष पाडावे आणि ठराव ठेवावा: ‘सुधाकराच्या सर्वनाशात सिंधूच्या पातिव्रत्याचाही वाटा आहे.’ तयारीस एक आठवडा द्यावा. बोलणाऱ्याच्या हाती पुस्तक हवे. अंक व प्रवेश सांगितल्यावाचून केलेले विधान अध्यक्षाने ग्राह्य धरू नये.

अनुकूल पक्ष म्हणेल, ही बाई माहेरी जाण्यास नकार देते, दळणावर दिवस काढते आणि मरताना नवऱ्यास वाचविण्यासाठी फौजदारापुढे खोटी जबानी देते. ज्याला घरात कोणी जाब विचारीत नाही तो सावरणार कसा? तळीरामाच्या बायकोस, गीतेस, जीभ आहे. सिंधूस का नसावी? प्रतिकूल पक्षाजवळ याला चोख उत्तर आहे. पहिल्या प्याल्याशी सिंधूचा संबंध काय? तेथे आहे मुन्सफाशी उडालेला खटका, सनदेवर आलेले गंडांतर, दुखावलेला अभिमान आणि शेजारी तळीराम. शिवाय जीभ असलेल्या गीतेचा नवरा तरी कोठे सुटला?

आमचा कौल प्रतिकूल पक्षास आहे. तरीही हा ठराव ऐकल्यावर खोट्या जबानीचा प्रवेश पूर्वीसारखा निःशंक मनाने वाचता येत नाही, आणि एवढ्यासाठीच हा खटाटोप.

वादात पुराव्याचा प्रश्न निघतो तो आणखी निराळा. कोणी सिंधूचे मन तिच्या पदांतून सिद्ध करू लागला, तर प्रतिपक्षाने उठून विचारावे, ही पदे कोणाची? गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. मग नाटककाराच्या हेतूसाठी त्यांची साक्ष कितपत चालेल? व्याख्यानात ही माहिती तळटीप होऊन पडते. वादात ती एका पक्षाचा आधार काढून घेते. फाईलवर कोणाचा शेरा कोणाच्या सहीने गेला हे पाहण्याची सवय असलेल्या आमच्या वाचकांस यातील गंमत कळेल.

न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे भेद केले आहेत: सत्यासाठी बोलणे, जिंकण्यासाठी बोलणे, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे खोडणे. आंतरशालेय वक्तृत्वाच्या ढाली बहुधा जल्पालाच मिळतात. वर्गातील वादही तिकडे घसरू शकतो. सिंधूवर खटला भरून टाळ्या घेणे सोपे आहे. खेळातला खटला एका बाईवर कसा उलटतो, हे तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये १९६७ साली दाखविलेच आहे.

म्हणून शेवटी मतदान नको. मध्यंतरानंतर पक्ष बदलावे, आणि घरी जाऊन प्रत्येकाने आपणांस न पटलेल्या बाजूने दोन पाने लिहून आणावी. शिक्षकाने गुण द्यावे ते त्या पानांना.