पुनरुक्तीचे शिक्षण : बीड जिल्ह्यातील ओवीच्या निमित्ताने

पारंपरिक गीतांतील पुनरुक्ती हे आशयाच्या दारिद्र्याचे लक्षण होय, असा ग्रह आपल्या काव्यविचारात अधूनमधून डोकावतो. बालशिक्षणाच्या दृष्टीने पाहता तो टिकत नाही. मूल लय शिकते ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागामुळे; पालटणारा शब्द त्यास पुढील आवर्तनाची उत्सुकता लावतो.

ओवीचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद ‘मानसोल्लासा’त (इ. स. 1129) आढळते. या गेय ओवीची लय श्रमाच्या हालचालीशी बांधलेली असते. चरण आखूड पडला, तर ‘ग’, ‘बाई’ अशा पूरक शब्दांनी तो जात्याच्या फेऱ्यास पुरेल इतका लांबविला जातो. जात्याजवळ आईच्या मांडीवर निजलेल्या मुलाच्या कानी ही लय अर्थाच्या आधी पडत असे. पहिली ओवी एकास, दुसरी दुसऱ्यास, अशा मालिकेत साचा स्थिर राहतो. नाम तेवढे बदलते.

हा साचा किती मोकळा आहे, याचे प्रमाण माजलगावच्या भीमनगरात मिळते. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात 1996 मध्ये तेथे ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीचा आदर याच जुन्या घाटात व्यक्त झाला आहे. मुलींच्या हादग्यातील ‘अक्कण माती चिक्कण माती’ या गाण्याची रचना साखळीची आहे: एका कृतीतून निघालेली वस्तू पुढील कृतीचे साधन होते, आणि मधले संबोधन मात्र अढळ राहते.

छापील संग्रहांत पालुपद एकदाच देऊन पुढे ‘॥ध्रु॥’ एवढी खूण करण्याचा प्रघात आहे. वाचकास ती पुरते. परंतु शिक्षकाने तेवढेच वाचून दाखविले, तर नेमका शिकविणारा भागच गळून पडतो. त्यात गिरण्यांमुळे जाते मागे पडले असल्याने ओवीला टाळीचा वा पावलांचा नवा आधार देणे अगत्याचे ठरते. साचा मुलांच्या मुखी बसला, की रिकाम्या जागी शब्द त्यांनीच घालावा.

बीडमधील ऊसतोड कुटुंबांची अनेक मुले गळिताच्या हंगामात महिनोन्‌महिने गावाबाहेर असतात. गीत हा शाळेचा पर्याय नव्हे; तथापि पुस्तक मागे राहिले तरी टाळीवर बसलेला साचा फडापर्यंत सोबत जातो. पुनरुक्तीला दोष ठरविणाऱ्या समीक्षेने हे सामर्थ्य ध्यानी घेतलेले नाही, असे म्हणणे प्राप्त आहे.