वही कोणाची?

मी पडलो बी.कॉम., त्यात बँकेतला कारकून. कादंबरीतलं याला काय कळतं, असं आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातले साहित्यप्रेमी म्हणतात. पण काउंटरवर बसणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तुमच्या पासबुकात जी जमा, तेच बँकेच्या ताळेबंदात देणं. रुपया एकच, वही कोणाची, एवढाच प्रश्न!

खांडेकरांनी 'ययाती'त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्याही वह्या उघडल्या. ज्याचं ऐकावं त्याचंच खरं वाटतं. आमच्या वऱ्हाडच्या उद्धव शेळक्यांनी 'धग'मध्ये (१९६०) तसं केलं नाही. गोष्ट सांगतो लेखकच, पण उभा राहतो कौतिकच्या चुलीजवळ. म्हणून महादेव शिंप्याचा आळस आपण तिच्या घरातल्या चणचणीनं मोजतो. महादेवानं स्वतः सांगितलं असतं, तर तोच आळस नशिबाचा फेरा ठरला असता आणि आपणही हळहळलो असतो.

हे सारं मी परवा संध्याकाळी खुर्चीत रेलून सौभाग्यवतींना रंगवून सांगत होतो. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "अन् तुमच्यावर कादंबरी मी लिहिली तं?"

सकाळी सांगितलेलं दळण कोपऱ्यात तसंच होतं. मी 'धग' मिटली, डबा उचलला आणि निघालो. गिरणी बंद झालेली असण्याचाच संभव होता. पण तिच्या वहीत माझ्या नावानं एक तरी जमा पडायला हवी होती.