वेरूळची ताम्रमुद्रित दृश्ये

जेम्स वेल्स याच्या रेखनांवरून टॉमस डॅनियलने वेरूळची चोवीस दृश्ये तांब्याच्या पत्र्यांवर उतरवून १८०३ साली लंडन येथे प्रसिद्ध केली. त्यांची वाखाणणी बहुधा हुबेहूबपणासाठी होते. छायाचित्रपूर्व काळातील नोंद म्हणून ती रास्तही आहे. परंतु या चित्रांचे मर्म अन्यत्र शोधावे लागते.

आम्लरेखनाच्या ‘ॲक्वाटिंट’ या प्रकारात पत्र्यावर राळेची भुकटी बसवून तो तापवितात व आम्लात बुडवितात. कणांमधले उघडे तांबे आम्ल खाते. जितके खोल खावे तितकी छाया गडद उमटते. म्हणजे येथील काळोख कोरून काढलेला असतो. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळचा कैलासही डोंगर वरून खाली पोखरीत, नको तो पाषाण काढून टाकून झाला. प्रांगणातील ते दोन महाकाय हत्ती कोणी आणून उभे केले नाहीत. ते मागे उरले. हे साधर्म्य डॅनियलला जाणवले होते की नाही हा प्रश्न गौण आहे. चित्रात ते आहे.

डॅनियलने ग्रंथनामात ‘खोदकाम’ या अर्थाचा शब्द योजिला. आपले ‘लेणे’ संस्कृत ‘लयन’, प्राकृत ‘लेण’ यांवरून आले. नाशिकच्या शिलालेखांत ते आढळते. अंगावर ल्यावयाचे लेणे व्युत्पत्तीने निराळे, पण लोकमानसाने दोहोंची गाठ केव्हाच घातली आहे. डॅनियलच्या आरंभीच्या तीन दृश्यांत वेरूळचा डोंगर सलग पसरतो आणि लेणी त्याच्या पायथ्याशी केवळ काळी विवरे वाटतात. मार्गासनीहून सांजवेळी राजगडाकडे पाहणाऱ्यास यात अतिशयोक्ती दिसणार नाही. आपला काळा पाषाण त्या वेळी तपशील गिळून केवळ कडा शिल्लक ठेवतो. जवळून घेतलेल्या दृश्यांत मात्र मऊ छटा छिन्नीचे घाव पुसून टाकतात. हा दोष मला गंभीर वाटतो, कारण दगड तेथे मेणासारखा होतो.

आणखी एक गोष्ट. पुण्याच्या गंगाराम तांबटाने चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची रेखने केली होती आणि वेल्सलाही साहाय्य केले होते. ग्रंथाच्या शीर्षकात त्याचे नाव नाही. (तांब्यावर छापलेल्या ग्रंथातून तांबटच गळावा!) वेल्स १७९५ मध्येच वारला, तेव्हा त्याच्याकडून खुलाशाची आशा उरली नव्हती. गंगारामाची काही रेखने आज अमेरिकेत येल येथील ब्रिटिश कला केंद्रात आहेत. ती डॅनियलच्या दृश्यांशेजारी ठेवून रेषेगणिक ताडून पाहिल्याखेरीज ‘वेल्सची दृष्टी’ हा शब्दप्रयोग आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधांत करू नये.