हौतात्म्याच्या आधीचे घर

इक्वेडोर देशातील कुराराय नदीच्या वाळवंटात ८ जानेवारी १९५६ रोजी पाच तरुण अमेरिकन मिशनरी वाओरानी जमातीच्या भाल्यांना बळी पडले. त्यांपैकी जिम एलियट यांच्या पत्नी एलिझाबेथ एलियट यांनी पुढच्याच वर्षी 'थ्रू गेट्स ऑफ स्प्लेंडर' हे पुस्तक लिहून ती हकिगत जगापुढे ठेवली. हौतात्म्याची गाथा म्हणून प्रॉटेस्टंट जगात ते मोठ्या भक्तिभावाने वाचले गेले. असे वाचताना वाचकाचे डोळे शेवटच्या प्रकरणांकडे लागलेले असतात आणि आधीची पाने केवळ वाट म्हणून तुडवली जातात. मला मात्र या पुस्तकाचे धन त्या वाटेवरच सापडले. कोवळ्या वयाची काही जोडपी, कडेवर लेकरे घेऊन, परक्या मुलखात घर कशी मांडतात याचे इतके प्रामाणिक चित्रण मिशनरी वाङ्मयात क्वचितच आढळते.

जिम एलियट आणि पीट फ्लेमिंग १९५२ साली बोटीने इक्वेडोरला पोहोचले, तेव्हा त्यांना प्रथम सुवार्ता सांगायची नव्हती. स्पॅनिश शिकायची होती. क्विटो शहरात ते एका डॉक्टरांच्या घरी राहिले. पदवीधर तरुणांची क्रियापदे घरातली मुले निःसंकोचपणे सुधारीत. वरवर गमतीच्या वाटणाऱ्या या प्रसंगात मिशनकार्याचे पहिले व्रत दडलेले आहे. शिकवायला आलेल्याला आधी पोराटोरांच्या हाताखाली विद्यार्थी व्हावे लागते. शिवाय स्पॅनिश ही केवळ पहिली पायरी. अरण्यात उतरल्यावर किचुआ भाषा नव्याने गिरवायची, आणि तिच्याही पलीकडे वाओरानींची, जिचे जेमतेम काही शब्द त्यांना ठाऊक होते. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' छापण्यापूर्वी कितीतरी वर्षे आपल्या बोलीची मशागत केली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पानांचे मोल वेगळे सांगायला नको.

घरांची वर्णने तर मुळातूनच वाचावीत. नेट आणि मार्ज सेंट हे दांपत्य १९४८ मध्ये शेल मेरा येथे आले. तेलकंपनीने सोडून दिलेली ती वसाहत. नेट विमान उडवीत, आणि मार्ज लेकरे सांभाळून, पाहुण्यांची ऊठबस करून, विमानाचा ठावठिकाणा रेडिओवरून टिपत राहत. शांदियाचे ठाणे १९५३ च्या पुराने वाहून गेले. महिनोन् महिने कापून रचलेल्या फळ्या नदीने एका रात्रीत नेल्या. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला जिम आणि एलिझाबेथ यांचा क्विटोत विवाह झाला आणि नवपरिणीत जोडपे पुयुपुंगोला तंबूत राहू लागले. मॅक्कली कुटुंबाने अराहुनोला बिऱ्हाड केले, ते वाओरानींच्या सीमेवर, घराभोवती विजेची तार ओढून. ज्यांच्यावर प्रीती करायला आपण आलो त्यांच्याचपासून लेकरांना राखण्यासाठी घातलेले हे कुंपण! लेखिका त्यावर भाष्य करीत नाही. मला वाटते, ते करायला हवे होते.

पुस्तकातील उणिवाही येथे नोंदवल्या पाहिजेत. इक्वेडोर हा सोळाव्या शतकापासूनचा कॅथोलिक देश. त्या पूर्वेकडच्या अरण्यात डॉमिनिकन आणि जोसेफाइन धर्मगुरूंची ठाणी होती. एखाददुसरा ओझरता उल्लेख वगळता या पुस्तकात त्यांना जागा नाही. जणू ती भूमी सुवार्तेला सर्वस्वी अपरिचितच होती. द्वितीय व्हॅटिकन परिषदेपूर्वीचा तो काळ होता आणि परस्परांकडे पाठ फिरवण्याचा दोष एकाच बाजूचा नव्हता, हे मान्य करूनही ही पोकळी आपल्याला बोचते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पुस्तकभर वाओरानींना 'औका' म्हटले आहे. हे त्यांचे नाव नव्हे. किचुआ भाषेत त्याचा अर्थ रानटी. ही माणसे स्वतःला वाओरानी, म्हणजे माणसे, म्हणतात. आणि बाहेरचे लोक नरभक्षक असतात असा त्यांचा समज होता. दोन्हीकडची भीती इतकी सारखी होती, हे १९५७ च्या लेखिकेला अद्याप दिसलेले नव्हते.

पण आपल्यासारख्या प्रापंचिकांना या पुस्तकात सलणारा प्रश्न निराळाच आहे. पाच पुरुष गेले. मागे पाच विधवा आणि नऊ मुले राहिली, त्यांतले एक अद्याप आईच्या उदरात होते. व्रतस्थ मिशनरी आपला प्राण अर्पण करतो तेव्हा तो स्वतःचाच असतो. बापाने अर्पण केलेला प्राण कोणाकोणाचा असतो? आपल्या वैधव्याची शक्यता या पत्नींनी एका रात्री आपसांत बोलून घेतली होती, असे एलियटबाई सांगतात आणि लगेच पुढे सरकतात. ज्या परिषदेने १९६५ मध्ये संपूर्ण ख्रिस्तसभा स्वभावतःच मिशनरी असल्याचे सांगितले, तिचे शब्द कुटुंबालाही लागू होत असतील, तर त्या रात्रीचे बोलणे सविस्तर वाचण्याचा आपल्याला अधिकार होता. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याच्या ध्येयाची किंमत घरात कोणी व कशी मोजली, हे हसत हसत पण काही न लपवता सांगितले आहे. तो मोकळेपणा या पहिल्या पुस्तकात नाही. दुःख ताजे होते, आणि लिहिणाऱ्या बाईने स्वतःला मागच्या रांगेत बसवले होते.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पण त्याची पुढची बाजू 'द सॅव्हेज माय किन्समन' (१९६१) या पुस्तकात आहे. शीर्षकाचा अर्थच मुळी 'रानटी माणूस, माझा आप्त' असा. नोव्हेंबर १९५७ मध्ये दोन वाओरानी स्त्रिया अरण्यातून बाहेर आल्या आणि एलियटबाईंच्या घरी राहिल्या. भाषेची खरी गाठ तेथे सुटू लागली. पुढे ऑक्टोबर १९५८ मध्ये त्या नेट यांची बहीण रेचेल सेंट यांच्यासह वाओरानींत राहायला गेल्या, आणि सोबत होती तीन वर्षांची मुलगी व्हॅलेरी. विमानातून दोर सोडून तेरा आठवडे भेटवस्तू पोहोचवणाऱ्या कल्पक पुरुषांना जे दार उघडले नाही, ते बायकामुलांना उघडले. भिंती नसलेल्या झोपडीत लेकरू आईच्या आधी ती भाषा बोलू लागले. रानटी कोण, हा प्रश्न येथे लेखिका स्वतःलाच विचारते. पहिल्या पुस्तकाहून हे पुस्तक वाङ्मयदृष्ट्या सरस आहे, हे माझे स्पष्ट मत. त्यातील शंका लेखिकेने झाकून ठेवलेल्या नाहीत.

याच अरण्यात आपलेही रक्त सांडले आहे. कॅपुचिन महागुरू आलेहांद्रो लबाका आणि कोलंबियाच्या धर्मभगिनी इनेस आरांगो हे २१ जुलै १९८७ रोजी तागाएरी या गटाच्या भाल्यांनी मृत्युमुखी पडले. तेलकंपन्या त्या गटापर्यंत पोहोचण्यापूर्वी आपण पोहोचावे, अनर्थ टळावा, एवढाच त्यांचा हेतू होता. पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये दोघांच्या जीवनार्पणाला मान्यता दिली. लबाकांनी वाओरानींमधील आपल्या दिवसांची रोजनिशी ठेवली होती. तेथे एका दांपत्याने त्यांना मुलगा मानले होते. एलियटबाई आई म्हणून आत गेल्या, महागुरू लेक म्हणून. नाते नसलेल्याला त्या समाजात बसायला जागाच नव्हती. हे दोन वृत्तान्त आपल्याकडे शेजारी ठेवून वाचले जात नाहीत, याची खंत वाटते.

एलियटबाईंचे आणखी एक पुस्तक, 'दीज स्ट्रेंज अ‍ॅशेस', १९७५ साली आले, पण त्यातील हकिगत सर्वांत आधीची, लग्नापूर्वीच्या वर्षाची आहे. शीर्षक तमिळनाडूतील दोहनावूरच्या एमी कारमायकल यांच्या कवितेतून घेतलेले. पश्चिम इक्वेडोरच्या सान मिगेल गावी, तेव्हा कोलोरादो म्हणवल्या जाणाऱ्या त्साचिला लोकांची भाषा लिपिबद्ध करण्यासाठी एलिझाबेथ राहिल्या होत्या. स्पॅनिश आणि ती भाषा दोन्ही उत्तम जाणणारा माकारियो नावाचा एकमेव मदतनीस त्यांना लाभला, आणि त्याचा खून झाला. पुढे त्यांच्या सगळ्या नोंदी, तक्ते, शब्दांच्या चिठ्ठ्या भरलेली पेटी प्रवासात चोरीला गेली. देवाने कारण सांगितले नाही आणि लेखिकाही वाचकासाठी ते रचत नाही. तिन्हींतले हे सर्वांत शांत पुस्तक आहे. यात विमान नाही, भाले नाहीत, छायाचित्रे काढायला आलेले पत्रकार नाहीत. धर्मग्रामातील वाचनमंडळांनी येथूनच सुरुवात करावी, आणि 'थ्रू गेट्स ऑफ स्प्लेंडर' त्यानंतर हाती घ्यावे. पेटी गमावलेली बाई तंबूत दुसऱ्या भाषेचे पाठ गिरवताना तेथे पुन्हा भेटते.