माहेर प्रवासाला निघतं तेव्हा

बहिणाबाई चौधरींची ‘योगी आणि सासुरवाशीन’ ही कविता आपल्यापर्यंत बहुतेकदा तिच्या शेवटच्या ओळीपुरतीच येते. मातृदिनाच्या फॉरवर्डमधून, फुलांच्या फोटोवर. पूर्ण कविता वाचली तर तो एक वाद आहे. माहेराचं कौतुक करत निघालेल्या बाईला योगी विचारतो, माहेर इतकं गोड तर सासरी कशाला आलीस? तिचं उत्तर थोडक्यात असं: मी सासरी टिकले, तरच माझ्या लेकीला माहेर मिळेल.

हे उत्तर गोड नाही, हिशेबी आहे. माहेर ही आयती जागा नसून एका बाईने वर्षानुवर्षं एका घरात राबून तयार केलेली सोय आहे, असं बहिणाबाई सांगतात. जात्यावरच्या ओव्यांमध्ये लेकीला आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो आणि आई उंबऱ्यात वाट बघते. तिने जागेवर असणं गृहीतच धरलेलं असतं.

आता ही कविता सोनाळ्यात बसून वाचू. बुलढाणा जिल्ह्यातलं, संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. बहिणाबाईंचा जळगाव जिल्हा इथून शेजारचाच. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज इथलाही. पण लेक पुण्यात नोकरीला असेल तर तिचा डॉक्टर तिथे, विमा तिथे. 2017च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. रजा बाळासाठी राखायची तर शेवटपर्यंत काम करायचं. मग लेक येत नाही, माय जाते. डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची पिशवी, शेगाव स्टेशन, आणि पुढे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जावयाच्या समोर अवघडून राहणं.

तिची रजा कोण मंजूर करतं? दिवाळीच्या पुढेमागे कापसाची वेचणी असते. मजुरीला जाणारी बाई गेली नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. लेकीच्या 26 आठवड्यांना कायदा आहे, मायच्या दोन महिन्यांना नाही.

तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला शंकराचं एक नाव तायुमानवर आहे, म्हणजे आईही झालेला. दंतकथा अशी: कावेरीला पूर आला, आईला गरोदर लेकीपर्यंत पोचता येईना, तेव्हा शंकरच आईचं रूप घेऊन आला आणि त्याने बाळंतपण केलं. आपणही विठ्ठलाला माउली म्हणतो, जनाबाईचं दळण त्याच्याकडून दळून घेतो. पण तमिळ कथा एक गोष्ट उघड मान्य करते: आईला येणं जमेलच असं नाही, आणि तेव्हा ते काम दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं.

बहिणाबाईंची कविता म्हणून जुनी होत नाही. 1952 साली ‘बहिणाबाईची गाणी’ छापून आली तेव्हा माहेर जागेवर होतं, आज ते गाडीत बसलंय. त्यामागे कुणाचे तरी कष्ट आहेत, हे तेव्हाइतकंच खरं. फक्त योग्याचा प्रश्न आता बदलून विचारायला हवा, आणि तो बाईला नाही, घरातल्या पुरुषांना: ती पुण्याला गेली तर सोनाळ्यातली चूल, म्हैस आणि म्हातारी सासू कोण बघणार? आणि पुण्यातल्या जावयाने वरणभाताचा कुकर लावायला शिकून ठेवलंय का?