‘साठ-सत्तरचं रॉकच भारी’ : हे सिद्ध कसं करणार?

आमच्या मेसमध्ये रॉकवरून वाद सुरू झाला की तो कुठे जाणार हे मला आता पाठ झालंय. एक जण म्हणतो, बीटल्स आणि लेड झेपेलिननंतर उरली ती नुसती नक्कल. दुसरा नव्वदच्या दशकातून निर्वाणा आणि रेडिओहेडला पुढे करतो. आणि दोघांचा हुकमाचा एक्का एकच : ‘अरे, त्यांच्यामुळे पुढे किती बँड निघाले बघ!’

तुम्ही म्हणाल, याचा संशोधनाशी काय संबंध? संबंध असा की माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी नेमकं हेच केलं होतं. शीर्षकात ‘कलात्मक गुणवत्ता’ होती. आणि मोजणार काय होतो? तर कुठल्या बँडचं नाव नंतरच्या किती कलाकारांनी घेतलं. गाइडनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘हे ते आहे का?’ सहा महिन्यांचं काम त्या चार शब्दांत गेलं. तुम्ही पेट पास होऊन आता प्रस्ताव लिहायला बसला असाल, तर हा प्रश्न स्वतःच आधी विचारलेला बरा.

प्रभाव ही गोष्ट कलाकृतीत नसतेच, ती नंतर येणारा माणूस ठरवतो. रोलिंग स्टोनमध्ये जानेवारी १९९४ मध्ये आलेल्या मुलाखतीत कर्ट कोबेनने मोकळेपणाने कबूल केलं की ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ करताना तो पिक्सीजची नक्कल करू बघत होता. शांत कडवं आणि मग एकदम कानठळ्या बसवणारं धृपद, ही त्यांची रीत. पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’ १९८८ चा. जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत पहिल्या जागेवरून हटवलं. आता समजा, कोबेनच्या कानावर पिक्सीज कधी पडलेच नसते. ‘सर्फर रोझा’चा प्रभाव कितीतरी घटला असता. पण त्यातला एक सूर तरी बदलला असता का?

आपल्या धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर, लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा १९९८ चा लॅन्सेटमधला लेख घ्या. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. त्याचा प्रभाव प्रचंड होता, अनेक पालकांनी मुलांना लस देणं टाळलं. पण तो चांगला होता असं कोण म्हणेल?

याचा अर्थ प्रभाव कुचकामी असाही नाही हं. चांगले वादक उचलतात ते बहुधा कानाला पटलं म्हणून. तेव्हा प्रभाव हा साक्षीदार आहे, पण निकाल त्याच्या हातात देता येत नाही. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते.

तशी करण्याजोगी एक साक्ष आहे. ‘द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको’ हा अल्बम १९६७ मध्ये आला. बिलबोर्डच्या यादीत तो तेव्हा १७१ च्या वर गेला नाही. पुढे १९८२ मध्ये ब्रायन ईनोने एका मुलाखतीत, बँडचा गायक लू रीडच्या हवाल्याने, पहिल्या पाच वर्षांतल्या ३०,००० प्रतींचा आकडा सांगितला आणि गमतीने जोडलं की त्या घेणाऱ्या प्रत्येकाने बँड काढला असणार. हे वाक्य आज रॉकवरच्या लेखनात इतकं फिरतं की लोक ते पुरावा म्हणून वापरतात. मीही वापरलं होतं! पण कंपनीच्या रॉयल्टीच्या हिशोबाप्रमाणे फेब्रुवारी १९६९ पर्यंतच ५८,००० हून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. म्हणजे आकडा ऐकीव आणि निष्कर्ष विनोदी, आणि आपण त्याच्या खाली तळटीप देऊन मोकळे.

मग ऐकीव सोडून सरळ संगणकाने मोजावं का? तेही झालंय. २०१५ मध्ये मॅथियस मॉख आणि सहकाऱ्यांचा लेख रॉयल सोसायटी ओपन सायन्समध्ये आला. अमेरिकेच्या हॉट १०० यादीतली १९६० ते २०१० मधली सुमारे १७,००० गाणी, प्रत्येकाचा ३० सेकंदांचा तुकडा, आणि त्यातून स्वरसंगती आणि नादाचा पोत यांचं विश्लेषण. तीन मोठी वळणं सापडली : १९६४, १९८३ आणि १९९१. त्यातलं शेवटचं सगळ्यात मोठं, आणि ते रॅपचं, निर्वाणाचं नव्हे. शिवाय १९६४ चा बदल बीटल्स आणि स्टोन्सनी सुरू केला नाही, तो आधीच चालू होता, त्यांनी त्याला वारा घातला असं लेखक म्हणतात. लगेच बातम्या आल्या, बीटल्स काही एवढे मोठे नव्हते म्हणे.

लेख मला आवडतो. पण प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी त्यातला नमुना नीट पाहा. १९९८ पर्यंत हॉट १०० मध्ये यायचं तर गाणं सिंगल म्हणून बाजारात यावं लागे. ‘सार्जंट पेपर’मधलं एकही गाणं १९६७ मध्ये सिंगल म्हणून काढलं नव्हतं. लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ही अमेरिकेत सिंगल म्हणून विक्रीला आलं नाही. म्हणजे ज्या काळात रॉकवाले अख्ख्या अल्बमचा विचार करत होते, त्याच काळातली त्यांची सगळ्यात महत्त्वाकांक्षी कामं या जाळ्याच्या भोकांतून निसटतात. ही चूक नव्हे, लेखकांना यादीतलं लोकप्रिय संगीत कसं बदललं हेच पाहायचं होतं. मोजमापाच्या मर्यादाही त्यांनी लिहिल्या आहेत. चूक त्यांची, ज्यांनी या उत्तराला ‘श्रेष्ठ कोण’ हा न विचारलेला प्रश्न चिकटवला.

जाणकारांची मतं घेतली तरी सुटका नाही. रोलिंग स्टोनच्या ५०० सर्वोत्तम अल्बमच्या यादीत २००३ मध्ये ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. २०२० मध्ये नव्याने मतं घेतली तेव्हा तो २४ वा. रेकॉर्ड तीच. बदलले मत देणारे.

राहतो तो जुनाच मार्ग, बसून ऐकायचं आणि ऐकलेलं दुसऱ्याला तपासता येईल असं लिहायचं. व्हेल्वेटचं ‘हेरॉइन’ घ्या. सात मिनिटांचं गाणं आणि मुळात दोनच कॉर्ड. लय हळू सुरू होते, धावत सुटते, कोसळते, पुन्हा धावते. जॉन केलचा व्हायोला आधी एकाच सुरावर लांबत राहतो आणि शेवटाकडे अक्षरशः किंचाळतो. मॉरीन टकरचे ड्रम गोंगाटाच्या ऐन शिखरावर मध्येच थांबतात. बाकीच्यांचं काही ऐकू येईना म्हणून थांबले, असं तिनेच नंतर सांगितलंय. म्हणजे तो अपघात. पण त्या क्षणी गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते, आणि व्यसनावरच्या गाण्यात ते बरोबर बसतं. हे सगळं १९६७ च्या रेकॉर्डवर ऐकू येतं, पुढे कोणी बँड काढो वा न काढो.

माझ्यापुरतं म्हणाल तर ‘नेव्हरमाइंड’मध्ये या तोडीचं एकही गाणं नाही. तिथली शांत-मोठा-शांत चाल तिसऱ्या गाण्यापर्यंत ओळखीची होते, ‘हेरॉइन’ची लय मला अजून फसवते. मेसमधला निर्वाणावाला हे मान्य करत नाही. त्याचं म्हणणं, ते ड्रम थांबणं म्हणजे शुद्ध ढिलाई, चांगल्या निर्मात्याने पुन्हा वाजवायला लावलं असतं. काल रात्री अकरापर्यंत आम्ही तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावून भांडत होतो.