आठवणीतला वसंत आणि डोळ्यांपुढचा चैत्र

वसंताचे नाव निघताच आम्रमोहोर, कोकिळा आणि मंद वारा आपल्या काव्यात न बोलावता हजर होतात. कवीने ते पाहिलेले असतातच असे नाही. बहुधा ते त्याला आठवलेले असतात. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’चे सहा सर्ग सहा ऋतूंना दिले, आणि ही वाटणी आपल्या काव्यस्मृतीत मुरली. पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख हा वसंत, ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म. परंतु देशावरचा वैशाख वणव्याचा असतो. कोकणात ज्येष्ठातच पाऊस कोसळू लागतो. मोहोर तर पौष-माघातच धरलेला असतो. तंजावरच्या मराठी माणसाला तर खरा पाऊस भेटतो तो पंचांगातल्या शरदात, कार्तिकाच्या सुमारास.

स्मृती वर्ग कसे पाडते यावर मायकेल पोस्नर व स्टीव्हन कील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग उद्बोधक आहेत. ठिपक्यांच्या एका मूळ आकृतीत फेरफार करून केलेल्या आकृत्यांचे वर्ग पाडावयास त्यांनी लोकांना शिकविले. मूळ आकृती दाखविली नाही. तरीही पुढे ती समोर येताच लोकांनी तिला अचूक वर्गात बसविले (१९६८). आठवड्यानंतर तर शिकलेल्या आकृत्या अंधुक झाल्या, न पाहिलेली मूळ आकृती मात्र टिकून राहिली (१९७०). आपला काव्यातला वसंत हा असाच नमुना होय: कोणीही न पाहिलेला, सर्वांच्या ओळखीचा.

दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्रा’चे (१९५६) मोल येथे कळते. त्यांनी लिहावयास घेतले ते चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे बारा महिने. महिना हा ऋतूपेक्षा लहान कप्पा. त्यात पालवीची, फुलांची, आकाशाच्या रंगांची साक्ष अधिक नेमकेपणाने नोंदविता येते. संस्कृत काव्याचे संस्कार या लेखनात आहेतच, परंतु ते निरीक्षणाला शब्द पुरवितात. निरीक्षणाच्या आड येत नाहीत. स्मृतीवाचून डोळ्यांना दिसलेल्याचे नाव सांगता येत नाही, हेही त्यावरून ध्यानी यावे.

बृहन्महाराष्ट्रातील लेखकाला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. त्याच्या भाषेतला श्रावण सह्याद्रीच्या छायेतला, आणि खिडकीबाहेरचे आकाश निराळे. भाषेतला श्रावण तेवढा उतरविला, तर त्याचे लेखन वाचकाला चटकन मराठी वाटेल. परंतु तंजावरचा कार्तिक मराठीत यावयाचा राहून जाईल, आणि तो दुसरे कोणी आणणार नाही.